घरगुती कारणास्तव

पत्रक कसं लिहायचं हे ज्यानं मला शिकवलं, त्यानं तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. पान एकच, पाठपोट. शेवटची ओळ प्रश्नाची. आणि पत्रकात एक माणूस पाहिजेच. "यंत्रणा, धोरण, प्रशासन, ह्यांच्यावर लोकांना राग येत नाही," तो म्हणायचा. "राग यायला समोर तोंड लागतं." मी तेव्हा कॉलेजात होतो. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, आणि पुढे पाच-सहा वर्षं त्यावरच जगलो.

ज्या बाईवर मी असं एक पत्रक काढलं, तिची नोकरी सुटायला पुढे माझ्यामुळेच उशीर झाला. पत्रकामुळे नाही. पत्रकाची भरपाई करायला गेलो, त्यामुळे. आता ती सुटली आहे, म्हणून लिहितोय. त्याआधी लिहिण्याची मला परवानगी नव्हती.

आमचं गाव मालवणच्या किनाऱ्याला. खाली खाडी, वर सडा म्हणजे उघडं कातळी माळरान, मध्ये वाड्या. ग्रामपंचायतीचं ऑफिस चिऱ्याचं, दोन खोल्यांचं, तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथला कारभार बघणाऱ्या सरकारी माणसाला आम्ही ग्रामसेवक म्हणतो. पदाचं नाव हल्ली बदललंय, पण गावानं ते मनावर घेतलेलं नाही. जन्माची नोंद, मरणाची नोंद, घराचा दाखला, नळाचं पाणी, दिवाबत्ती, सगळं त्या एका टेबलावर. आमच्याकडे त्या टेबलामागे एक बाई होत्या, चाळिशीच्या आतल्या, दोडामार्गकडच्या. नवरा रोज मोटरसायकलनं गोव्यात कारखान्यात जाणारा, मुलगी सासूपाशी, आणि ह्या इथे भाड्याच्या खोलीत. शनिवारी एसटी धरून घरी, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंच नव्हतं.

मला माहीत होतं ते कुलूप. एका बुधवारी भर दुपारी मी ऑफिसच्या दाराचा फोटो काढला. दाराला कुलूप, पायरीवर दोन म्हाताऱ्या बसलेल्या, एकीच्या हातात कागदाची पिशवी. असा फोटो आयुष्यात एकदा मिळतो. कुलपाच्या शेजारी भिंतीवर पत्र्याची पाटी होती: सोमवार, मंगळवार, शुक्रवार येथे, बुधवार आणि गुरुवार अमुक गावी आणि तमुक गावी. ह्या बाईंकडे तीन गावांचा चार्ज होता. पान जुळवताना मी ती पाटी कापली. पत्रकं काढणाऱ्या आमच्या मंचातल्या पोरांना सांगितलं, पाटीमुळे कुलूप लहान दिसतं. ते खरंच होतं. पण मी तेवढ्यासाठी कापली नव्हती.

आणि मजकूर मी गाऱ्हाण्याच्या चालीत लिहिला. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. देवळात सगळे जमतात, गावचा मानकरी नारळावर हात ठेवून देवाशी मोठ्यानं बोलतो, काय अडलंय, काय हवंय ते सांगतो, आणि त्याच्या दर वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. आम्ही बोलायला लागायच्या आधी हे शिकतो. माझं पत्रक असं होतं:

"बा कुलपा म्हाराजा, आज बुधवारी भर दुपारी आमी तुझ्या पायाकडे उभे आसंव. व्हय म्हाराजा. आमका दाखलो व्हयो, तेका तूच साक्षी. आमका पाणी व्हया, तेका तूच साक्षी. व्हय म्हाराजा. तुझी चावी जिच्या पर्शीत आसा ती बाय खंय फिरता, तां तुकाच ठावक. व्हय म्हाराजा."

शेवटची ओळ अर्थात प्रश्नाची. पगार कुलपाक मेळता काय बायेक?

तिठ्यावरच्या चहावाल्यानं ते मोठ्यानं वाचलं. त्याचा गळा देवळातला आहे, चाल बरोबर लागली. बाकावर बसलेले सगळे कपातून तोंड काढून व्हय म्हाराजा म्हणाले. दोन दिवसांत पत्रक संपलं, परत छापलं. पुढच्या आठवड्यात बाई एसटीतून उतरल्या, तर पानपट्टीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "बा कुलपा म्हाराजा," आणि चार जणांनी उत्तर दिलं. बाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालत राहिल्या. मी तिथेच होतो. आम्ही ह्याला जनजागृती म्हणत होतो.

एकच माणूस वेगळं बोलला. गावचा मानकरी, जो देवळात खरं गाऱ्हाणं घालतो. माझ्या आजोबांच्या वयाचा. पाणंदीत भेटला तेव्हा म्हणाला, "झिला, गाऱ्हाण्यात कोणाचा वायट मागूचा नसता."

"मी मागलंय खंय? मी इचारलंय."

"तेका इचारना म्हणत नाय," तो म्हणाला. "पण तुझां तू बघ."

बाई मात्र मला कधीच काही बोलल्या नाहीत. मी दर महिन्याला माहितीचा अर्ज घेऊन जायचो. त्या ऑफिसातल्या मराठीत "बसा" म्हणायच्या, अर्जावर शिक्का मारायच्या, "पोच घ्या" म्हणायच्या. मला वाटायचं, घाबरल्यात.

वर्ष गेलं. पुढच्या माघात मी सड्यावरून मोटरसायकलनं येत होतो. वर सगळं गवत सुकलेलं, सावलीला झाड नाही. एका उंच कातळावर बाई उभ्या होत्या, मोबाईल धरलेला हात वर करून. मला वाटलं स्वतःचा फोटो काढतायत, ऑफिसच्या वेळेत. हात आपोआप खिशाकडे गेला. मी फोन बाहेर काढला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"फोटो काढतंस? काढ," त्या म्हणाल्या. "ह्या टायमाक मात्र काय कापू नको."

म्हणजे त्यांना माहीत होतं. वर्षभर, दर अर्जावर शिक्का मारताना, माहीत होतं. मी फोन खिशात घातला. विचारलं, काय करताय. पाण्याच्या टाकीचा फोटो मोबाईलवरून वरच्या ऑफिसला पाठवायचा होता, दुपारी बाराच्या आत. तिन्ही गावांत मिळून रेंज येते ती ह्या कातळावर. एसटी तोवर निघून गेली होती आणि पलीकडच्या गावात मासिक सभेला लोक जमून बसले होते. मी म्हटलं, सोडतो.

पाठीमागे बसून त्या मला पहिल्यांदाच मालवणीत बोलल्या.

"मॅडम, राग आसा माझ्यार?"

"रागाक टायम खंय आसा रे."

"मगे कधी बोललात नाय ती."

"काय बोलू? खुलासो देवची माका सवय आसा. पण तो कोणी मागलो तर. तू खंय मागलंस?"

खुलासा म्हणजे वरच्या ऑफिसनं विचारलं की लेखी द्यायचं स्पष्टीकरण. आकडे का भरले नाहीत, सभा का पुढे गेली, तक्रार का आली. एक, दोन, तीन असे मुद्दे घालून. बाई सांगत होत्या आणि वारा निम्मं घेऊन जात होता. "परवा चेडवान फोनार इचारल्यान, आई, शनवारी तू इलंस नाय ती कित्याक? तर माझ्या तोंडातसून काय इलां म्हायत आसा? 'एक, शनिवारी सुट्टी असूनही शिबिर होते. दोन, शेवटची बस…' चेडू हसाक लागलां. मगे गप झालां."

मी पण हसलो. मग गाडी हळू केली.

सभेच्या गावात उतरताना त्या म्हणाल्या, "मी सोडतंय नोकरी. जूनच्या आदी घराकडे पोचूक व्हया. चेडू पाचवीक जातलां, नवी शाळा, आणि सासूच्यान आता होयत नाय. डोळे गेले तिचे. मी पोचलंय नाय तर चेडवाक कोल्हापूराक माझ्या भयणीकडे धाडूचा लागतला."

भल्या माणसाला ह्यावर वाईट वाटलं असतं. मलाही वाटलं, पण त्याच्या पाठोपाठ, लगेच, दुसरं काहीतरी वाटलं. विषय मिळाला. सरकारी माणसाला पक्की नोकरी का सोडावीशी वाटते? ज्या नोकरीसाठी आमच्याकडची पोरं सात-आठ वर्षं परीक्षा देतात, ती आत गेलेल्यांना का नकोशी होते? ह्यावर पत्रक निघालं की मागचं पत्रक धुऊन निघेल, असा माझा हिशेब. मी इतका खूश झालो की त्या दिवशी घरी येईपर्यंत गाणं म्हणत होतो.

ओरोसला, जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो. गेल्या काही वर्षांत ज्यांनी राजीनामे दिले त्यांची कारणं काय, एवढाच अर्ज टाकला. उत्तर आलं तेव्हा मला वाटलं झेरॉक्सवाल्याची चूक झाली. नावं झाकलेली, गावं वेगवेगळी, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच: घरगुती कारणास्तव. घरगुती कारणास्तव. एकानं वैयक्तिक लिहिलं होतं, तो बंडखोर म्हणायचा.

तो कागद मी बाईंच्या टेबलावर आपटला. जेवणाची सुट्टी होती, ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्यासमोर डबा उघडा होता, भात आणि सुक्या बांगड्याचा तुकडा.

"ह्यां काय?" मी म्हटलं. "अख्खो जिल्हो खोटां बोलता?"

त्या कागद बघून हसल्या. ओळखीचं कुणी भेटल्यासारख्या. "खोटां नाय रे तां. ती वाट आसा भायर पडूची. ज्येका भायर पडूचा आसा तो वाटेर भाषण करीत बसत नाय."

"म्हणजे तुमी पण ह्यांच लिवतल्यात?"

"होय."

"मगे आमी भांडतंव कोणासाठी?"

"म्हायत नाय बाबा. माझ्यासाठी तरी नाय." आणि त्यांनी बांगड्याचा काटा काढून डब्याच्या झाकणात ठेवला.

मी हट्टाला पेटलो. आठ दिवसांनी मी त्यांचा राजीनामा लिहून घेऊन गेलो. दोन पानं. आतापर्यंत जे जे त्यांनी सांगितलं होतं ते सगळं त्यात होतं. तीन गावांचा चार्ज. पहाटे फोनवर येणारे आदेश आणि संध्याकाळी त्यांचा हिशेब मागणारे आदेश. वादळानंतर पडलेल्या घरांची पाहणी करताना एका घरमालकानं अंगावर कोयती उगारली, आणि दुसऱ्या दिवशी पाहणीला उशीर का झाला म्हणून आलेली नोटीस. एसटीतून उतरताना ऐकू येणारं व्हय म्हाराजा. हो, तेही मी घातलं. स्वतःविरुद्ध लिहितोय म्हणून मला माझा अभिमान वाटला होता.

बाईंनी ते तीन वेळा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "ही काढ."

ती ओळ अशी: माझ्याकडून खोटी माहिती भरून घेण्यात आली.

त्यामागे एक प्रसंग होता. एकदा मीटिंगमध्ये हुकूम आला, संध्याकाळपर्यंत सगळ्या टाक्यांचे आकडे भरा. टाक्या बघून झालेल्या नव्हत्या. बाईंनी तसं सांगितलं, तर उत्तर आलं, भरून टाका, मागाहून दुरुस्त करू. त्यांनी अंदाजे भरले. आणि मग दोन रविवार घरी न जाता, टाकी न् टाकी बघून, खरोखर दुरुस्त केले. दुरुस्तीचं मी लिहिलं नाही. दुरुस्ती लिहिली की ओळ बोथट होते. मी पाटी पुन्हा कापली होती, आणि ह्यावेळी मला ते कळलंही नाही.

"ही काढली तर पत्रात ऱ्हवलां काय?" मी म्हटलं. "ह्याच ओळीसाठी तर लिवलां सगळां. मॅडम, एकान तरी खरां लिवूक व्हया. तुमी नाय तर कोण?"

असा प्रश्न विचारायला मी शिकलेलो आहे. समोरचा माणूस नाही म्हणू शकत नाही, असा प्रश्न. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सही करताना म्हणाल्या, "पयल्यांदाच कोणी तरी माझां लिवल्यान."

ह्या वाक्याचं मी काय करू, मला अजून कळलेलं नाही. त्यांना फसवून सही घेतली असती तर सोपं होतं. त्यांना ते आवडलं होतं.

नोटीस मे महिन्यात आली. आपण खोटी माहिती भरल्याचे आपण स्वतः मान्य केले आहे, तरी ती कोणती, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून, याचा खुलासा सादर करावा. खुलाशाचा निकाल लागेपर्यंत राजीनाम्याचा विचार करता येणार नाही. बाईंनी मला बोलावून तो कागद पुढे केला. हुकूम तोंडी होता. मीटिंगमधल्या एकालाही तो आठवत नव्हता. उरली फक्त त्यांची कबुली, माझ्या शब्दांत, त्यांच्या सहीनं.

"तालुक्याक बोलावल्यानी होती," त्या म्हणाल्या. "इचारल्यानी, मजकूर कोणाचो? थयलो एक कारकून म्हणता, मॅडम, राजीनामो कधी प्रश्नान संपता?"

माझी शेवटची ओळ. एवढं सगळं सोसल्यावर माणसानं का थांबावं? मी राजीनाम्यालासुद्धा पत्रकाचं शेपूट लावलं होतं.

"मगे तुमी काय सांगलात?"

"मजकूर माझाच आहे म्हटलं." हे त्या मालवणी सोडून बोलल्या, जसं तिथे बोलल्या असतील तसं.

"मी येतंय. मी सांगतंय थंय, मी लिवलंय म्हणान."

त्या एवढंच म्हणाल्या, "बघ."

मी बघितलं नाही. मंचात विषय काढला तर पोरं म्हणाली, आपण ग्रामसेवकांचे राजीनामे लिहून देतो असं बाहेर कळलं तर उद्या आपलं पत्रक कोण हातात धरेल? मुद्दा बरोबर होता. मी तो फार लवकर मान्य केला. उद्या जाऊ, सोमवारी जाऊ. आंब्याचे दिवस संपत आले, आणि रोज सकाळी उठल्यावर मला आधी आठवायचं की मी गेलेलो नाही, आणि मग बाकीचं सगळं. ह्याच दिवसांत मी दुसऱ्या एका गावच्या रस्त्यावर पत्रक लिहिलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. त्यात लिहिलं होतं, गप्प बसणारा प्रत्येक जण गुन्हेगार आहे.

मिरगाच्या तोंडावर गावाचं गाऱ्हाणं असतं. पेरणी नीट होऊ दे, गुरंढोरं सांभाळ, दर्यावर गेलेल्यांना परत आण. त्या दिवशी देवळात निम्मा गाव होता. खांबाशी बायकांच्या रांगेत बाई उभ्या, हातात नारळ. आमच्या देवळात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. गावाचं झाल्यावर ज्याचं-त्याचं घालतात. मानकऱ्यानं त्यांचा नारळ घेऊन विचारलं, "बाये, काय मागणां?"

"घरगुती आसा," त्या म्हणाल्या.

मला वाटतं, देवळात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. गावात राजीनामा लपत नाही. मानकऱ्यानं नारळ देवापुढे ठेवला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ही परगावची लेक आज तुझ्या पायाकडे इली आसा."

व्हय म्हाराजा.

"तीन गावांचां वझां हिच्या माथ्यार आसा. तुका ठावक आसा."

व्हय म्हाराजा.

"हिचां मन घराकडे लागलां आसा. हिची वाट मोकळी कर म्हाराजा."

व्हय म्हाराजा. मागून एक म्हातारा पुटपुटला, "आणि आमका दुसरो ग्रामसेवक दी." त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. थोडं हसू झालं. बाईसुद्धा हसल्या. मानकरी थांबला, हसू विरेपर्यंत, आणि म्हणाला,

"कोणी काय बोल्लां आसात, कोणी काय लिवलां आसात, जाणान नायतर अजाणान, तां हिच्या आड येव नये म्हाराजा."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. तिठ्यावरचा चहावाला, पानपट्टीवाले, सगळे होते, आणि सगळे एका आवाजात म्हणाले, व्हय म्हाराजा. त्या सगळ्यांचं ओझं उतरलं, असं मला वाटलं. त्यांनी फक्त हाक मारली होती. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. जन्मापासून जो शब्द विचार न करता बाहेर पडतो, तो आला नाही.

सोमवारी मी तालुक्याला गेलो. घरून लिहून नेलं होतं, एकच पान: सदर राजीनाम्याचा मजकूर मी लिहिला असून वादग्रस्त ओळ संबंधित कर्मचाऱ्याचा विरोध असताना मी ठेवली. खाली सही. आयुष्यात पहिल्यांदा असं काही लिहिलं होतं ज्याच्या शेवटी प्रश्न नव्हता. आवक-जावकच्या टेबलावर एक वयस्क कारकून बसले होते. त्यांनी घडी न उघडता माझ्याकडे बघितलं.

"तो प्रश्नवाला तूच ना?"

"हो."

"वाटलंच." त्यांनी घडी उघडली, वाचली, परत घातली. "खरं लिहिलंयस. देतोस? दे, मी शिक्का मारतो. पण शिक्का मारला की हा कागद त्यांच्या फाईलला लागणार आणि फाईल परत वर जाणार. परवाच बाईंनी खुलासा दिलाय, आकडे दुरुस्त केल्याचे पुरावे लावलेत, आणि भावनेच्या भरात शब्द चुकला असं लिहून दिलंय. नवीन राजीनामा जोडलाय, एका ओळीचा. आता कुठे ती फाईल खाली यायला लागली आहे. त्यात तुझा हा आला की विचारणार, मजकूर बाईंचा नव्हता तर त्यांनी माझा आहे म्हणून खोटं का सांगितलं?"

त्यांनी शिक्का हातात घेतला.

"बाईंना विचारून आलास?"

नव्हतो विचारून आलो. पहिल्या पत्रकाच्या वेळी नाही, राजीनाम्याच्या ओळीच्या वेळी त्यांनी सांगूनही ऐकलं नाही, आणि आता माफी मागायलासुद्धा न विचारता. कारकुनांनी कागद माझ्या हातात परत दिला. "जपून ठेव," म्हणाले. "आणि त्या सुटेपर्यंत कुठे लिहू-बिहू नकोस."

संध्याकाळी मी बाईंना हे सांगितलं. त्या दाखल्यांवर सह्या करत होत्या, मान वर न करता ऐकलं. "बरां केलंस दिलंस नाय तां," म्हणाल्या. "तुका बरां वाटाचा म्हणान मी परत खुलासो लिवू काय?"

ह्यात राग नव्हता. राग असता तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

शाळा सुरू झाली. रविवारी बाई मुलीला कोल्हापूरच्या गाडीत बसवून आल्या, हे मला चहावाल्याकडून कळलं. बाई बोलल्या नाहीत. सोमवारी ऑफिस वेळेवर उघडलं.

त्या सुटल्या चतुर्थी झाल्यावर. आदेशात दोन ओळी होत्या: घरगुती कारणास्तव सादर केलेला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे. गावानं शाल आणि नारळ दिला. चहावाला भाषण करायला उभा राहिला आणि "आमच्या मॅडम" एवढं बोलून बसला. सरकारी माणूस नोकरी का सोडतो, ह्यावरचं माझं पत्रक निघालं नाही. कारणं माझ्याकडे आता पुष्कळ आहेत, चार्ज, आदेश, रेंज, कोयती. पण प्रामाणिकपणे यादी केली तर त्यात कुठेतरी मधल्या जागी मी आहे, आणि मला कापून ती यादी छापायची नाही.

एसटी स्टँडवर त्यांच्या दोन बॅगा मी गाडीत चढवल्या. दोडामार्गाची गाडी, खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. म्हटलं, "आता घराकडे पोचतल्यात."

"पोचतलंय," त्या म्हणाल्या. "काल चेडवाचो फोन इललो. तिका सांगलंय, मी आता कायमची घराकडे येतंय. तर म्हणता, आई, तू जर घराकडे आसस, तर मगे मी हयसर कित्याक?" ड्रायव्हर चढला, दार आपटलं. खिडकीतून त्या माझ्याकडे बघत होत्या, साध्या, थकलेल्या चेहऱ्यानं. "वर्स संपल्याशिवाय शाळा सोडूक मेळाची नाय. तिका काय सांगू? तू लिव रे ह्येचो खुलासो. तुका बरां लिवता येता."

गाडी गेली. कारकुनांनी परत दिलेला कागद अजून माझ्या वहीत आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी त्या दिवशी एक आकडा घातला, एक, आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम. पुढचं अजून लिहिता आलेलं नाही.